पाणी वाढतंय, शेजारी हलले का?

जुलै उजाडला की कोल्हापुरात सकाळचा पहिला प्रश्न बदलतो. 'राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?' दूधवाला, रिक्षावाला, दुकानदार, सगळ्यांच्या तोंडी तोच आकडा असतो. ३९ फूट म्हणजे इशारा पातळी आणि ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे इथल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. गगनबावड्यात पाऊस किती झाला, राधानगरीचे किती स्वयंचलित दरवाजे उघडले, पंचगंगा पात्राबाहेर पडली का, ही सगळी माहिती आता मोबाइलवर तासातासाला मिळते.

तरीही ऑगस्ट २०१९मध्ये पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत हजारो माणसे घरातच थांबली. त्या पुरात राजाराम बंधाऱ्यावरची पातळी ५५ फुटांच्या वर गेली. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि जवळपास आठवडाभर बंद राहिला. प्रयाग चिखली, आंबेवाडी आणि शिरोळ तालुक्यातील कित्येक गावांतून एनडीआरएफ, लष्कर आणि नौदलाच्या बोटींनी माणसे बाहेर काढावी लागली. कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून स्थलांतरित झालेल्यांची संख्या लाखांत होती. दोनच वर्षांनी, जुलै २०२१मध्ये, पाणी पुन्हा त्याच उंचीला भिडले.

इशारा मिळाला होता, आकडेही समोर होते, मग माणसे वेळेत का निघाली नाहीत? 'लोक ऐकतच नाहीत', 'आडमुठेपणा, दुसरे काय', ही उत्तरे दरवर्षी ऐकू येतात. ती सोपी आहेत, पण त्यांनी काही उलगडत नाही. खरे उत्तर शोधायचे तर दोन ठिकाणी पाहावे लागते. एक माणसाच्या मेंदूत आणि दुसरे त्याच्या शेजाऱ्याच्या दारात.

कवटीतला भोंगा

मेंदूचे वजन जेमतेम १.३ ते १.४ किलो, म्हणजे शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के. पण शरीर जेवढी ऊर्जा वापरते, तिच्यातला सुमारे २० टक्के वाटा हा एकटा अवयव घेतो. त्याच्या सुमारे ८,६०० कोटी चेतापेशींना रात्रंदिवस साखर आणि प्राणवायू लागतो. इतका खर्चिक अवयव प्रत्येक गोष्टीचा पहिल्यापासून विचार करत बसला तर शरीराला परवडणार नाही. म्हणून तो जवळच्या वाटा धरतो. रोजच्या गोष्टीकडे दुर्लक्ष करतो, मागच्या अनुभवावरून पुढचे ठरवतो आणि नेमके काय ते कळेनासे झाले की आजूबाजूची माणसे काय करतात ते बघतो. एरवी या तिन्ही वाटा आपल्या फायद्याच्याच असतात. पुराच्या वेळी मात्र त्या तिन्ही दगा देऊ शकतात.

अचानक आलेल्या धोक्यासाठी मेंदूत चोख व्यवस्था आहे. दोन्ही कानशिलांच्या आत, खोलवर, बदामाच्या आकाराचे एकेक केंद्र असते. त्याला अमिग्डाला म्हणतात. अंधारात पायाखाली काही वळवळले की 'साप' हा शब्द मनात येण्याआधीच आपण मागे उडी मारतो, ती या केंद्रामुळे. अमिग्डालाकडून निरोप हायपोथॅलॅमसला जातो आणि तिथून स्वायत्त चेतासंस्थेचा अनुकंपी भाग जागा होतो. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथी रक्तात ॲड्रिनॅलिन सोडतात. छाती धडधडू लागते, श्वास वाढतो, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, यकृत साखर मोकळी करते आणि रक्त पचनसंस्थेकडून हातापायांच्या स्नायूंकडे वळते. तोंडाला कोरड पडते ती याच वेळी. काही मिनिटांनी कॉर्टिसॉल हे संप्रेरक वाढते आणि ही तयारी टिकवून धरते. धोका टळला की परानुकंपी भाग, मुख्यतः व्हेगस नावाच्या लांबलचक चेतातंतूमार्फत, गाडी पुन्हा संथ चालीवर आणतो.

अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला या सगळ्या बदलांची सांगड घातली. 'लढा किंवा पळा' या नावाने त्यांची कल्पना आज जगभर ओळखली जाते. ही व्यवस्था बिबट्यासमोर उत्तम चालते. पंचगंगेच्या पुरासमोर ती अडखळते, कारण हा पूर झेप घेत नाही. पाणी इंचाइंचाने चढते. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी असते, रात्री दोन घरे पुढे येते, पहाटे पायरीला लागते. 'आता पळा' असे भोंग्याने ओरडावे असा एक ठळक क्षण मेंदूला सापडतच नाही.

घंटा बोथट होते

मेंदूची पहिली जवळची वाट म्हणजे सवय. रेल्वेरुळाशेजारी राहणाऱ्यांना रात्रीची गाडी ऐकू येत नाही. पाहुणा मात्र प्रत्येक गाडीला जागा होतो. एरिक कँडेल या शास्त्रज्ञांनी समुद्रातल्या एका गोगलगाईवर, ॲप्लिशियावर, याचा बारकाईने अभ्यास केला. तिला हलकेच स्पर्श केला की ती आपले कल्ले आत ओढून घेते. पण तसाच निरुपद्रवी स्पर्श पुन्हा पुन्हा केला की ती हळूहळू दाद देईनाशी होते. स्पर्श जाणवणारी चेतापेशी पुढच्या पेशीकडे रासायनिक निरोप पाठवण्यात कपात करते, हे कँडेल यांनी दाखवून दिले. स्मृती आणि शिकणे यांवरच्या अशा कामासाठी त्यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गोगलगाईला जे लागू आहे, ते माणसालाही बऱ्याच अंशी लागू आहे. दरवर्षी पंचगंगा इशारा पातळी गाठते, दरवर्षी मोबाइलवर संदेश येतात आणि बहुतेक वर्षी घरात पाणी येत नाही. प्रत्येक वेळी 'काही झाले नाही' ही नोंद मेंदूत जमा होते आणि पुढच्या इशाऱ्याची धार थोडी कमी होते. शिवाय कोल्हापूरकरांचे पुराशी नाते निव्वळ भीतीचे नाही. पाणी किती चढले ते बघायला माणसे पोराबाळांसह पंचगंगा घाटाकडे जातात. नृसिंहवाडीला नदीचे पाणी उत्तरेकडून मंदिरात शिरून दक्षिण दाराने बाहेर पडू लागले की दक्षिणद्वार सोहळा होतो आणि भाविक त्या पाण्यात स्नान करतात. चढते पाणी इथे ओळखीचे, काही वेळा मंगलही असते. अशा ओळखीच्या गोष्टीला घाबरायला मेंदू सहजी तयार होत नाही.

दुसरी वाट मागच्या अनुभवाची. २०१९च्या आधी बहुतेकांच्या मनात २००५च्या महापुराची खूण पक्की होती. 'तेव्हा पाणी त्या खांबापर्यंत आले होते, आपल्या दारात आले नव्हते', हा हिशेब घराघरात झाला. स्वतः पाहिलेली गोष्ट मेंदूला सर्वांत भरवशाची वाटते. पण जुनी खूण एवढेच सांगते की मागचा पूर किती मोठा होता. येणाऱ्या पुराची मर्यादा त्या खांबावर लिहिलेली नसते. २०१९चे पाणी २००५ची खूण ओलांडून वर गेले, आणि ज्या घरांनी त्या खुणेवर भिस्त ठेवली होती, ती अडकली.

अंधारातला दिवा

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ती एकट्याच्या मेंदूतून सुरू होऊन साऱ्या गल्लीत पोचते. काय करावे हे स्पष्ट नसते, तेव्हा माणूस दुसऱ्या माणसाकडे पाहतो.

तुर्कस्तानात जन्मलेले मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९३०च्या दशकात एक साधा प्रयोग केला. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा एक बारीकसा ठिपका दाखवला. ठिपका जागचा हलत नव्हता. पण गडद अंधारात आसपास दुसरी कोणतीच खूण नसली की स्थिर ठिपकाही हलल्यासारखा दिसतो. तो किती सरकला, हे शेरीफ यांनी विचारले. एकेकट्याला विचारले तेव्हा प्रत्येकाचे उत्तर वेगळे आले. मग त्याच माणसांना एकत्र बसवून मोठ्याने अंदाज सांगायला लावले. हळूहळू सगळ्यांचे अंदाज एकमेकांजवळ आले. त्यानंतर पुन्हा एकट्याला विचारले, तेव्हाही माणसे गटाचाच आकडा धरून राहिली. कुणी कुणावर दबाव टाकला नव्हता. इतरांच्या अंदाजाने प्रत्येकाची स्वतःची समज बदलली होती.

पाणी आणखी किती चढेल, हा प्रश्नही अंधारातल्या त्या ठिपक्यासारखाच आहे. एकाला वाटते रात्रीत दोन फूट वाढेल, दुसऱ्याला वाटते आता ओसरेल. कट्ट्यावर चार जण जमतात, बोलतात आणि तासाभरात सगळ्यांचे एकच मत होते. ते मत बरोबर असेलच असे नाही. पण सगळ्यांचे आहे म्हणून ते पक्के वाटते.

खोलीत धूर, आणि सगळे गप्प

१९६८ साली बिब लाताने आणि जॉन डार्ली या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी याच्या पुढचे पाऊल टाकले. विद्यार्थ्यांना एका खोलीत बसवून प्रश्नावली भरायला दिली आणि थोड्या वेळाने भिंतीतल्या झरोक्यातून धूर आत सोडला. खोलीत एकटा असलेल्यांपैकी ७५ टक्के विद्यार्थ्यांनी बाहेर येऊन धुराची खबर दिली. मग विद्यार्थ्यासोबत आणखी दोघे बसवले. ते दोघे प्रयोगकर्त्यांचेच होते आणि धुराकडे एकदा बघून, खांदे उडवून, लिहीत राहण्याची त्यांना सूचना होती. आता फक्त १० टक्के विद्यार्थी उठले. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत प्रश्नावली भरत राहिले. तिन्ही विद्यार्थी अनभिज्ञ होते अशा गटांपैकीही जेमतेम ३८ टक्के गटांतून कुणी तरी खबर दिली.

नंतर विचारले तेव्हा खबर न देणाऱ्यांनी 'घाबरलो होतो पण लाज वाटली' असे सांगितले नाही. ती वाफ असेल, एसीची हवा असेल, असे त्यांना खरोखरच वाटले होते. शेजारच्याच्या शांत चेहऱ्याने धुराचा अर्थच बदलून टाकला होता. गंमत अशी की अशा वेळी तो शेजारचाही आतून साशंक असतो आणि आपल्या शांत चेहऱ्याकडे पाहून 'म्हणजे काही विशेष नाही' असे ठरवत असतो. सगळे मनातून घाबरलेले आणि सगळे वरून निवांत.

नदीकाठच्या एखाद्या गल्लीतले दहा उंबरे डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दहा वाजले आहेत, पाऊस थांबलेला नाही. पहिल्या घरातली बाई दार किलकिले करून पाहते. समोर दिवा लागलेला, टीव्ही चालू. ती म्हणते, 'ते अजून आहेत.' समोरचा माणूस खिडकीतून पाहतो, हिच्या घरातही दिवा आहे. तोही म्हणतो, 'ते अजून आहेत.' दहाही घरांत बॅगा अर्ध्या भरलेल्या असतात. पण रस्त्यावरून पाहणाऱ्याला दहा शांत घरे दिसतात.

आपत्तींचा अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ डेनिस मिलेटी आणि जॉन सोरेन्सन यांनी इशारा आणि कृती यांच्यामधल्या या काळाकडे मुद्दाम लक्ष वेधले. इशारा मिळाला की माणसे लगेच निघत नाहीत. आधी फोन करतात, शेजाऱ्याला विचारतात, बाहेर जाऊन पाहून येतात. ही खातरजमा स्वाभाविक आहे आणि ती होणारच. ती किती लांबते, यावर पुष्कळ काही अवलंबून असते.

वेगळे पडण्याची किंमत

आता समजा, एखाद्याला खात्री आहे की निघायला हवे. तरीही तो का थांबतो? इथे दुसऱ्या प्रकारचा प्रभाव काम करतो. सॉलोमन ॲश यांचा १९५१चा प्रयोग यासाठी प्रसिद्ध आहे. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तीनपैकी कोणती रेघ पहिलीएवढी आहे, ते सांगायचे. उत्तर लहान मुलालाही कळावे इतके उघड. पण खोलीतले बाकी सगळे जण आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत होते. प्रयोगात खरोखर तपासला जाणारा माणूस एकच. अशा साधारण एक तृतीयांश वेळा त्याने गटाचे चुकीचे उत्तर दिले. सुमारे तीन चतुर्थांश माणसे निदान एकदा तरी गटामागे गेली. डोळ्यांना दिसत होते एक आणि तोंडून निघाले दुसरेच.

त्या क्षणी मेंदूत काय होते, हे अलीकडच्या काळात एमआरआय तंत्राने पाहता आले. ग्रेगरी बर्न्स आणि सहकाऱ्यांनी २००५ साली केलेल्या अभ्यासात, गटाच्या चुकीच्या मताविरुद्ध स्वतःच्या मतावर ठाम राहणाऱ्यांच्या मेंदूत अमिग्डालाची हालचाल वाढलेली दिसली. म्हणजे साप दिसल्यावर जागे होणारे केंद्र चारचौघांत वेगळे पडतानाही जागे होते. २००९ साली वासिली क्लुचारेव्ह आणि सहकाऱ्यांनी दाखवले की आपले मत गटापेक्षा वेगळे आहे असे कळताच मेंदूत 'चूक झाली' असा संकेत उमटतो आणि समाधानाशी संबंधित भागाची हालचाल मंदावते. हा संकेत जितका जोरदार, तितके मत गटाकडे झुकण्याची शक्यता जास्त.

माणूस लाखो वर्षे टोळीत जगला. टोळीपासून तुटणे म्हणजे जिवाला मुकणे, असा तो काळ होता. त्यामुळे वेगळे पडणे ही मेंदूच्या लेखी चूकच ठरते, मग तो बरोबर असो वा नसो. 'बघा, पळाला भित्रा', हे वाक्य उद्या ऐकावे लागेल, या विचारानेच पाय जड होतो. पाणी आलेच नाही, तर वर्षभर चेष्टा. पुरुषांना ती जास्त बोचते, म्हणून कित्येक घरांत बायकामुले आधी हलतात आणि बाप्ये 'घर राखायला' मागे राहतात.

हट्ट नव्हे, हिशेब

एवढे वाचून सगळा दोष मेंदूवर आणि शेजाऱ्यांवर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. गावाकडच्या घरात दोन-चार म्हशी असतात. दुभती म्हैस म्हणजे दर दहा दिवसांचे दुधाचे बिल, म्हणजे किराणा आणि पोरांची फी. तिला सोडून निघा, असे सांगणाऱ्याने तिला कुठे बांधायचे आणि वैरण कुठून आणायची हे सांगितलेले नसेल, तर थांबणारा माणूस मूर्ख ठरत नाही. अंथरुणावर खिळलेले वडील, नुकतीच बाळंत झालेली सून, कपाटातले दागिने, मागच्या वेळी रिकाम्या घरात झालेली चोरी, हे सगळे त्याच्या हिशेबात असते. तो हिशेब सुटेल अशी सोय केली, तर मेंदूचे अर्धे अडथळे आपोआप गळून पडतात.

प्रयाग चिखली आणि आंबेवाडीचे उदाहरण यासाठी पाहण्यासारखे आहे. या गावांसाठी सोनतळी येथे उंचावर पर्यायी जागा आहे. २०१९च्या अनुभवानंतर पाणी चढू लागले की इथली अनेक कुटुंबे जनावरांसह आधीच तिकडे मुक्काम हलवू लागली. जायला ठिकाण आहे, जनावरे नेता येतात आणि शेजारीही निघाले आहेत. तीन गोष्टी जुळून आल्या की तोच माणूस, तोच मेंदू वेळेत हलतो.

घबराट की गोठणे?

आपत्तीत लोक सैरावैरा धावतात, अशी आपली समजूत सिनेमांनी करून दिली आहे. आपत्तीतल्या वर्तनाचा अनेक दशके अभ्यास करणारे समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली यांना मात्र अशी आंधळी घबराट फार क्वचित आढळली. माणसे बहुधा एकमेकांना मदतच करतात. २०१९मध्ये कोल्हापुरातल्या तालमी आणि मंडळांची पोरे, स्वयंसेवी पथके आणि अनोळखी माणसे ज्या तऱ्हेने पाण्यात उतरली, ते सगळ्यांनी पाहिले आहे. मदतही संसर्गजन्य असते. एक ट्रॅक्टर निघाला की त्यामागे दुसरा निघतो.

खरी अडचण वेगळी असते. 'घबराट नको' म्हणून इशारा मोघम दिला जातो किंवा उशिरा दिला जातो. मग वेळ उरत नाही आणि शेवटच्या क्षणी मेंदूवर जो ताण येतो, तो निर्णय बिघडवतो. ॲड्रिनॅलिनसारखी रसायने अति वाढली की कपाळामागचा मेंदूचा भाग, जो योजना आखतो, मागचापुढचा विचार करतो, त्याचे काम मंदावते. काही जण अशा वेळी जागच्या जागी गोठतात. हात हलत नाहीत, शब्द फुटत नाही. हा भित्रेपणा नसून चेतासंस्थेची एक जुनी प्रतिक्रिया आहे. अशा माणसाचे नाव घेऊन, खांद्यावर हात ठेवून, एकच छोटी सूचना द्यावी: 'काका, चप्पल घाला.' मग पुढची. लांबलचक समजावणी त्या क्षणी मेंदूत शिरत नाही.

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना घेऊन निघालेली बोट उलटली आणि अनेकांचे प्राण गेले. चहूकडून पाणी, हाताशी एकच बोट, काठावर आपलीच माणसे. अशा वेळी कोण आधी आणि कोण नंतर, हे ठरवणे कुणालाही जड जाते. म्हणून बोटीची वेळच येऊ नये, रस्ता कोरडा असतानाच निघावे, हे मेंदूच्या दृष्टीनेही शहाणपणाचे आहे. शांत मेंदूने दुपारी घेतलेला निर्णय रात्री दोन वाजताच्या निर्णयापेक्षा नेहमीच चांगला असतो.

इथे वैद्यकीय सावधगिरीचा एक मुद्दा. धडधड, घाम आणि धाप भीतीनेही होते आणि हृदयविकाराच्या झटक्यातही. छातीत दाब येत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर 'घाबरलाय' म्हणून सोडून देऊ नये. विशेषतः मधुमेही आणि वयस्कर माणसांना ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे.

पहिला निघणारा

ॲश यांच्या प्रयोगाचा एक भाग कमी सांगितला जातो. त्यांनी खोलीत एकच माणूस असा ठेवला की जो खरे उत्तर देईल. बाकी सगळे पूर्वीसारखेच चूक. तेवढ्याने गटामागे जाण्याचे प्रमाण एक तृतीयांशावरून साधारण ५ टक्क्यांपर्यंत खाली आले. एक सोबती पुरेसा ठरला. गल्लीतही तसेच घडते. पहिले घर निघाले की उरलेल्या नऊ घरांतल्या अर्ध्या भरलेल्या बॅगा पूर्ण भरतात. त्यामुळे सरपंच, तालमीचे वस्ताद, मंडळाचा अध्यक्ष, आशाताई, अशा ज्यांच्याकडे गल्ली पाहते, त्यांनी स्वतःचे घर आधी आणि सर्वांदेखत हलवणे हे भोंग्यावरच्या दहा घोषणांपेक्षा प्रभावी असते.

बोलण्याची तऱ्हाही महत्त्वाची आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अश्मीभूत लाकडांचे एक राष्ट्रीय उद्यान आहे. पर्यटक तिथले तुकडे उचलून नेतात. 'पुष्कळ लोक तुकडे नेतात आणि उद्यानाची हानी होते', अशी पाटी लावून पाहिली, तर चोरी आणखी वाढली, असे रॉबर्ट चाल्डिनी यांच्या गटाला आढळले. सगळेच नेतात, असा अर्थ लोकांनी घेतला. 'लोक सांगूनही घर सोडत नाहीत', ही तक्रार आपण माइकवरून आणि बातम्यांतून करतो, तेव्हा नेमके हेच होते. ऐकणाऱ्याला कळते की कुणीच घर सोडत नाही. त्याऐवजी 'तुमच्या गल्लीतली बारा घरे दुपारीच शाळेत पोचली, जेवण सुरू आहे', हे खरे असेल तेव्हा जरूर सांगावे.

इशाऱ्यात चार गोष्टी असाव्यात: पाणी कोणत्या भागात येणार, कधीपर्यंत येणार, कुठे जायचे आणि सोबत काय न्यायचे. 'सतर्क राहावे' यात मेंदूला करण्यासारखे काही मिळत नाही. 'संध्याकाळी पाचच्या आत अमुक शाळेत, जनावरे अमुक मैदानात', यात मिळते.

घरच्या पातळीवर सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे निर्णय आधीच घेऊन ठेवणे. जूनमध्ये, ऊन असताना, सगळ्यांनी बसून एक आकडा ठरवावा. 'राजाराम बंधाऱ्यावर अमुक फूट झाले की आपण निघायचे, मग समोरचे निघोत न निघोत.' तो कागदावर लिहून दाराच्या आत चिकटवावा. दोन शेजारघरांनी मिळून ठरवले तर आणखी बरे, कारण मग कुणीच एकटा पडत नाही. रक्तदाब आणि मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, चष्मा, कागदपत्रे यांची एक पिशवी तयार असावी.

पाणी ओसरल्यावर

चिखल निघतो, भिंती वाळतात, पण काहींच्या मेंदूतला भोंगा वाजतच राहतो. पत्र्यावर पावसाचा आवाज झाला की झोप मोडणे, पुन्हा पुन्हा तीच दृश्ये दिसणे, नदीकडचा रस्ता टाळणे, लहानसहान गोष्टींवर चिडणे, हे पहिल्या काही आठवड्यांत अनेकांना होते आणि बहुतेकांचे आपोआप कमी होते. लहान मुले आईला चिकटून राहतात, पुन्हा अंथरूण ओले करू लागतात. त्यांना रागावू नये. हा त्रास महिन्याच्या पुढे टिकला, कामधंदा आणि झोप बिघडली, दारू वाढली किंवा जगण्यात अर्थ वाटेनासा झाला, तर तो उपचारांनी बरा होणारा आजार समजावा. समुपदेशन आणि गरज पडल्यास औषधे, दोन्हींचा उपयोग होतो. टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

आपत्तीनंतर धीर देण्यासाठी जागतिक आरोग्य संघटना तीन साध्या गोष्टी सांगते. पाहा, ऐका आणि योग्य ठिकाणी जोडून द्या. 'काय काय झाले ते सगळे सांग' असा आग्रह धरू नये. ज्याला बोलायचे आहे त्याचे ऐकावे, गप्प राहायचे आहे त्याच्याजवळ बसावे. सावकाश श्वास घेऊन त्याहून लांब श्वास सोडला की व्हेगस चेतातंतूचे काम वाढते आणि धडधड कमी होते. मुक्कामाच्या शाळेत मुलांना हे खेळासारखे शिकवता येते.

नदी कधी चढणार हे आपल्या हातात नाही. संकटात माणूस शेजाऱ्याकडे पाहणार, हेही बदलणार नाही आणि बदलायची गरजही नाही. कारण ज्या नजरेने गल्ली थांबते, त्याच नजरेने ती हलतेही. या पावसाळ्यात पाणी ४० फुटांच्या पुढे सरकू लागले, समोरच्या घरात दिवा दिसला आणि 'ते अजून आहेत' असे मनात आले, तर एक काम करावे. समोर जाऊन कडी वाजवावी आणि म्हणावे, 'आम्ही निघतोय. तुम्हीही चला.'